शेकोटी, आवृत्ती 2.0

आमच्या मागच्या अंगणात दुसऱ्यांदा शेकोटी बांधून झाली. दुसऱ्यांदा अशासाठी, की पहिली फुटली. 'फुटली' हा शब्द मी अलंकारिक वगैरे वापरत नाहीये. रात्री साडेनऊच्या सुमाराला सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला, तिच्यातला एक दगड फुटला आणि त्याची बोटभर कपची समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीत घुसली. खुर्ची रिकामी होती. दोन मिनिटांपूर्वी त्याच खुर्चीत शेजाऱ्यांची सात वर्षांची मुलगी भाजलेलं कणीस खात बसली होती. ती लिंबू आणायला आत गेली, म्हणून आज मी हे इतक्या निवांतपणे लिहू शकतोय.

ती कपची मी टाकून दिलेली नाही. कीबोर्डशेजारी ठेवली आहे. ऑफिसात प्रॉडक्शन बंद पाडलं की आपण रिपोर्ट लिहितो ना, तसा हा त्या शेकोटीचा रिपोर्ट समजा. फक्त यात 'ह्युमन एरर' या रकान्यात माझं एकट्याचंच नाव आहे.

पण आधी एका शंकेचं निरसन करतो. ठाण्याच्या अलीकडे राहणारे माझे मित्र 'शेकोटी' म्हटलं की हसतात. त्यांच्या मते मुंबईची थंडी म्हणजे पंखा दोनवरून एकवर आणणे. त्यांनी एकदा जानेवारीत शेवटच्या बदलापूर लोकलने यावं. अंबरनाथ सोडलं की दाराशी उभं राहणारे लोक आपोआप आत सरकतात. समुद्र लांब राहिला, एका बाजूला मलंगगडाची, चंदेरीची, माथेरानची रांग, मध्ये उल्हास नदीचं खोरं. आकाश निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर निवते आणि डोंगरउतारावरची गार, जड हवा घरंगळत खाली येऊन खोऱ्यात बसते. कुलाब्याच्या आणि आमच्या पहाटेच्या तापमानात सहा-सात अंशांचा फरक पडला तर इथे कुणाला नवल वाटत नाही. (ही हवा खाली 'बसते' हे लक्षात ठेवा. पुढे त्यावरूनच माझी पंचाईत होणार आहे.)

आमचं घर म्हणजे बदलापूर पश्चिमेचं रो-हाऊस. मागे साधारण चौदा बाय अठरा फुटांचं अंगण, बिल्डरच्या ब्रोशरमध्ये 'पॅटिओ'. वाढलो अंबरनाथच्या चाळीत, दोन खोल्या आणि समोर सामाईक गॅलरी. त्यामुळे 'आपलं अंगण' या गोष्टीचं मला जरा जास्तच अप्रूप आहे. गेल्या दिवाळीत बायको म्हणाली, "अरे, तू त्या अंगणात फक्त कपडे वाळत घालतोस. काहीतरी कर त्याचं." झालं! पुढचे तीन शनिवार मी यूट्यूबवर दाढीवाल्या अमेरिकन लोकांना दगड रचताना बघत होतो.

त्या व्हिडिओंत सगळं फार सोपं असतं. गोल आखायचा, फूटभर खणायचं, तळाला खडी, कडेने दगड, सिमेंटने पक्कं करायचं, भोवती लाकडी खुर्च्या, गिटार. मीही तेच केलं (गिटार सोडून). दगड आणायला उल्हास नदीवर गेलो. पाणी ओसरल्यावर पात्रात छान गुळगुळीत गोटे उघडे पडतात. गाडीच्या डिकीत बसतील तेवढे उचलले, रविवारी सिमेंटमध्ये बसवले, पुढच्या शनिवारी पेटवलं आणि मग ती कपची.

रूट कॉज शोधायला वेळ लागला नाही. नदीतला दगड बाहेरून कोरडा दिसला तरी वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्याने आतल्या बारीक भेगांत पाणी धरून असतो. त्याला आच लागली की पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशेपट जागा लागते. ती मिळाली नाही की दगड मार्ग काढून देतो. आठ दिवस सावलीत सुकवले होते हो! पण दगडाचं सुकणं आणि टॉवेलचं सुकणं यात फरक आहे, हे त्या दाढीवाल्याने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी तेवढा भाग फॉरवर्ड केला असेल.

आणि आपल्या भागात यात आणखी एक मेख आहे. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. खरं तर आगीतूनच आलेला. साध्या लाकडाच्या जाळाने त्याचं काही बिघडू नये, कारण तो वितळायला हजार-अकराशे अंशांच्या वर जावं लागतं. पण लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले आणि नंतर त्या पोकळ्यांत पांढरी, गुलाबीसर खनिजं भरली. डोंगरात फिरताना दगडात साखर भरल्यासारखं काही दिसलं असेल तर ते बहुधा हेच. याला झिओलाइट म्हणतात. ही खनिजं आपल्या रचनेतच पाणी बाळगून असतात आणि तापवली की ते सोडून देतात. क्रोनस्टेड नावाच्या स्वीडिश माणसाने 1756 साली असा दगड तापवला तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीक शब्द जोडून त्याने नाव ठेवलं, 'उकळणारा दगड'. माझे गोटे या खनिजांच्या ठिपक्यांनी भरलेले होते. दिसायला सुंदर म्हणून मीच मुद्दाम निवडून आणलेले!

(जाता जाता. 'डेक्कन ट्रॅप' मधला 'ट्रॅप' हाही स्वीडिश भाषेतूनच आलाय, अर्थ पायरी. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात म्हणून. सेफ्टी मॅच, म्हणजे आपली काडेपेटी, तीही मुळात स्वीडनची. आणि अंबरनाथला काडेपेट्यांचा जो प्रसिद्ध 'विम्को'चा कारखाना होता, तोही स्वीडिश कंपनीने 1920 च्या दशकात उभारलेला. कारखाना गेला, पण रिक्षावाल्याला 'विम्को नाका' म्हटलं की अजून पोचवतो. आमच्या चाळीतल्या एकदोघांच्या घरी तिथली नोकरी होती. थोडक्यात काय, दगड, डोंगर आणि काडी, तिन्हींची नावनोंदणी एकाच देशात. बसायचे स्टूल आम्ही तुर्भ्याच्या आयकियातून आणलेत, पण तो योगायोगात धरू नये.)

तर आवृत्ती दुसरी. या वेळी मी शहाणपणा करून माणसाला विचारलं. आमच्या मागच्या रस्त्यावर एका बंगल्याच्या कुंपणाचं दगडी काम चालू होतं. तिथले एक वयस्क वडार मामा रोज दुपारी झाडाखाली डबा खायला बसत. मी त्यांना फोनमधला पहिल्या शेकोटीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हे सिमिट कशाला लावलं साहेब?"

"पक्कं राहावं म्हणून."

"चुलीला कोन सिमिट लावतंय का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पोटापाण्यासाठी ज्या सिस्टिम लिहितो त्यांत रोज कोणी ना कोणी हा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतं आणि आम्ही त्याला 'लेगसी नॉलेज' असं गोंडस नाव देऊन बाजूला ठेवतो. माझ्या आजीच्या चुलीला माती होती. भुसा आणि शेण मिसळून मळलेली माती. तडा गेला की आजी बोट ओलं करून लिंपायची, पाच मिनिटांत दुरुस्त. सिमेंटचं तसं नाही. ते घट्ट होतानाच पाणी आत बांधून घेतं, आणि तीनशे अंशांच्या पुढे गेलं की ते बंध सुटायला लागतात, मग सांधा भुसभुशीत होतो. वर पुन्हा दगड तापून फुगला तर त्याला सरकायला जागा हवी, ती सिमेंट देत नाही. माती देते.

मामांनी दगडही निवडून दिले. खाणीतला डबर, म्हणजे फोडलेला ओबडधोबड काळा दगड, टेम्पोतून आला. प्रत्येक दगड ते हातोडीने एकदा वाजवायचे. टण्ण वाजला तर इकडे, बद्द वाजला तर तिकडे. बद्द वाजणाऱ्यात आत भेग असते. पांढरे ठिपके असलेले सगळे तिकडे. हे युनिट टेस्टिंग त्यांनी दोन तास अव्याहत केलं आणि शंभरेक दगडांपैकी तीसेक नापास केले. नापास दगडांची आम्ही नंतर कुंडीभोवती कड केली.

आणि खणायचं नाही, हा त्यांचा दुसरा निर्णय. मी म्हटलं, पण मामा, ते लोक तर खड्डा करतात. ते म्हणाले, "पावसाळ्यात काय, मासं पाळनार हाय का त्यात?" आता हे मला, बदलापुरात राहणाऱ्या माणसाला, सुचू नये? 26 जुलै 2005 ला इथे काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, ते तर सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. जिथे अख्खी रेल्वे तरंगायच्या बेतात येते तिथे मी फूटभर खोल दगडी खड्डा बांधून ठेवणार, म्हणजे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत डासांना टूबीएचके. आपल्याकडे अमेरिकन खड्ड्याची नक्कल कामाची नाही. शेकोटी जमिनीवर, ओट्यासारखी उचललेलीच हवी.

(पोपटीवाले वाचक आता हात वर करतील. मान्य. खाली रायगडात थंडीत शेतात पोपटी लावतात तेव्हा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पण तिथे कायमचं बांधकाम काही नसतं. एका रात्रीचा कारभार, सकाळी राख शेतात.)

बांधकाम असं झालं. अंगणात शहाबादी फरशी होती. तिच्यावर थेट जाळ केला तर पापुद्रे सुटून ती उडते, म्हणून मधल्या चार फरश्या काढल्या. तिथे वीतभर जाड खडी, तीवर चार बोटं वाळू, म्हणजे पाणी खाली जिरतं. आतल्या वर्तुळासाठी मी उल्हासनगरला गेलो. उल्हासनगरबद्दल बाहेरच्यांना फक्त 'मेड इन यू.एस.ए., म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा शिळा विनोद माहीत असतो. पण दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या लोकांनी, 1949 साली ज्याला उल्हासनगर हे नाव मिळालं ते गाव, शून्यातून उभं केलंय. तिथे न मिळणारी वस्तू अजून बनायची आहे. भंगारवाल्याकडे ट्रकच्या चाकाची जुनी रिम मिळाली. त्याने विचारलं, "ट्रक कौन सा है?" मी म्हटलं, "ट्रक नहीं है, शेकोटी है." तो जराही न दचकता म्हणाला, "तो फिर पेंट जला के इस्तेमाल करना, पहले दिन पास मत बैठना." हा सल्ला सोन्याचा होता. रिमवरचा जुना रंग भर दुपारी, कोणी नसताना जाळून टाकला.

रिमभोवती दोन बोटं जागा सोडून दगडांचे तीन थर, मातीत बसवलेले, गुडघ्याच्या खाली येईल एवढी उंची. सर्वांत खालच्या थरात चार दिशांना चार मोकळ्या फटी. या फटी विसरू नका. जाळ वर जातो तेव्हा खालून हवा ओढतो, ती मिळाली नाही की तो कोंडतो आणि धूर करतो. भिंतीपासून दहा फूट अंतर हवं म्हणतात, मला एका बाजूला जेमतेम नऊ मिळालं. डोक्यावर झाडाची फांदी, कपड्याची दोरी, केबल काही नाही. दगड, टेम्पो, मजुरी, रिम धरून साडेपाच हजार रुपये लागले. त्यानंतर तीन शनिवार नुसता छोटा छोटा जाळ, माती आणि दगड हळूहळू सुकण्यासाठी, आणि तोही सगळ्यांना दहा फूट लांब ठेवून. बाकी दगड रचण्याचं कौतुक करायचं तर आपल्याकडे शिष्टाई कुणी करू नये. वालधुनीच्या काठचं अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 चं आहे, म्हणजे 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. याच काळ्या दगडाचं. गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या खाली उतरावं लागतं. लहानपणी उन्हाळ्यात त्या गारव्यात जाऊन बसायचो तेव्हा हा दगड कोणी कसा बसवला असेल, असला प्रश्न पडला नाही. आता तीन थर रचताना कंबर धरली तेव्हा पडला.

इथपर्यंत सगळं छान आहे. वीकेंड प्रोजेक्टची पोस्ट इथे संपवून फोटो टाकता आला असता. पण माझी खरी अडचण इथून सुरू होते.

दुसऱ्या शेकोटीच्या पहिल्या पूर्ण जाळाला मी आईला अंबरनाथहून मुद्दाम घेऊन आलो. तिला आवडेल असं वाटलं होतं. ती थोडा वेळ बसली, मग पदर नाकाला लावून आत गेली. मी मागोमाग गेलो तर म्हणाली, "अरे, लग्न होऊन आले तेव्हा गावाला सहा वर्षं चुलीपुढे काढली मी. सासूबाईंचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. शेगडी आली, मग स्टो आला, मग गॅस. गॅस आला त्या दिवशी मी पेढे वाटले होते. आणि तू पाच हजार रुपये खर्च करून धूर विकत आणलास?"

आता यावर काय बोलणार? 2016 पासून उज्ज्वला योजनेत कोट्यवधी घरांत गॅस पोचवायचा प्रयत्न चाललाय तो याच धुरासाठी. आणि आपण, ज्यांच्या घरातून तो धूर एक पिढी आधी गेला, आपण 'फायरप्लेस व्हाइब्स' म्हणून त्याला परत बोलावतोय. धुराची मजा फक्त त्यालाच वाटते ज्याला त्यावर रोज भाकऱ्या थापायच्या नसतात.

पण आईचा टोमणा पचवता आला असता. पचला नाही तो दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज. तो माझाच होता. गेल्या वर्षीच्या जानेवारीतला, शेजारच्या लेनमधल्या कोणीतरी शोधून पुन्हा टाकलेला, सोबत फक्त एक हात जोडलेली इमोजी.

झालं असं होतं, की गेल्या हिवाळ्यात आमचे रात्रपाळीचे वॉचमन काका गेटपाशी शेकोटी पेटवायचे. दुधाच्या पिशव्या, खोके, थर्माकोल, एकदा सायकलचं टायर. त्याचा वास थेट आमच्या बेडरूममध्ये. तेव्हा मी ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला. राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 ला उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली आहे, पाच हजार रुपये दंड आहे, मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार, वगैरे वगैरे. सगळं खरं होतं. मला तेहतीस अंगठे मिळाले. कमिटीने शेकोटी बंद केली. काकांना कोणीतरी जुनी शाल दिली आणि विषय मिटला. म्हणजे आमच्यापुरता मिटला. पहाटे चार वाजता गेटवर उघड्यात बसणाऱ्या माणसासाठी काय मिटलं, हे मी विचारलं नाही. मला तेव्हा फक्त माझ्या खिडकीचा प्रश्न होता.

आणि या वर्षी मी मागच्या अंगणात साडेपाच हजारांची शेकोटी पेटवून कणसं भाजतोय.

माझा पहिला बचाव अर्थातच तांत्रिक होता. मी प्लास्टिक जाळत नाही, कोरडं लाकूड जाळतो. बरोबर आहे, फरक आहे, आणि तो छोटा नाही. टायर आणि थर्माकोलच्या धुरात जे असतं ते आंब्याच्या वाळक्या फांदीच्या धुरात नसतं. पण मग मी हवेतली धूळ मोजायचं छोटं यंत्र घेऊन पलीकडच्या शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या खिडकीत ठेवलं. पीएम 2.5 म्हणजे अतिसूक्ष्म कण, यासाठी आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 15 सुचवली. माझी शेकोटी पेटायच्या आधी त्या खिडकीत आकडा 80 च्या आसपास होता, पेटल्यावर पाऊण तासात 300 च्या पुढे गेला. घरगुती यंत्र आहे, आकडा शास्त्रीय मानू नका, पण दिशा कळते. आठवतंय ना, गार हवा खोऱ्यात खाली बसते? ज्या रात्री सगळ्यात जास्त थंडी, त्याच रात्री वारा पडलेला आणि धुराला वर जायला वाट नाही. म्हणजे शेकोटीची सगळ्यात जास्त इच्छा होते ती रात्र शेकोटीसाठी सगळ्यात वाईट. आधीच इथे एमआयडीसीचा वास कुठल्या रात्री येईल सांगता येत नाही. त्यात ही माझी भर.

दोष नुसता शेकोटीचा नव्हता, लाकडाचाही होता. ओलं लाकूड धुमसतं. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, नीट जळायला ते वीस टक्क्यांच्या खाली यावं लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवलेलं लाकूड पावसाळ्यात पुन्हा दमट होतं, म्हणून ते आडोशाला, जमिनीपासून उचलून ठेवायला हवं. आणि लाकूड आणायचं कुठून? सोसायटीतलं झाड तोडून नाही. 1975 च्या कायद्याने शहरी भागात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि तोडूही नये. फर्निचरवाल्यांकडून फुकट मिळणारे तुकडेही नकोत, कारण प्लायमध्ये आणि एमडीएफमध्ये जो गोंद असतो त्याचा धूर फॉर्मल्डिहाइडचा. वखारीतलं साधं बाभळीचं लाकूड, नारळाच्या करवंट्या, वादळात पडलेली फांदी, बस्स. खाली जाड, वर बारीक असं रचून वरून पेटवलं की धूर बराच कमी होतो. हे सगळं केल्यावर त्याच खिडकीत आकडा 140 पर्यंतच गेला. सुधारणा आहे. पण शून्य नाही. तिथे एक आजोबा इनहेलर घेऊन झोपतात.

काकांशी बोलायचं धाडस मी मागच्या आठवड्यात केलं. ते मूळचे बीडकडचे. त्यांना अंगणात नेऊन शेकोटी दाखवली. त्यांनी वाकून फटी बघितल्या, दगडावर हात फिरवला आणि म्हणाले, "ही तर आगटीच की साहेब. हुरडा आणू का गावाकडनं?" आगटी! हुरडा भाजायच्या खड्ड्याला इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना मी तीन आठवडे 'फायर पिट, फायर पिट' करत होतो. मग मी गेल्या वर्षीच्या मेसेजचं बोललो. त्यांना माहीत होतं कोणी लिहिला होता. "धूर वंगाळच होता," ते म्हणाले. "पण साहेब, दुसरं काय जाळावं ते कुणी सांगितलंच न्हाई."

यावर माझं मत असं झालंय, आणि ते मला सोयीचं नाही. गेटवरची शेकोटी गरजेची असते, अंगणातली हौसेची. आपण बंदी घालतो गरजेवर, कारण ती गेटवर दिसते आणि तिचा वास येतो. हौस मात्र कंपाउंडच्या आत सुरक्षित असते. नियम करायचाच तर तो दोघांना लागू हवा, आणि क्रम लावायचाच तर आधी हौस बंद व्हायला हवी, गरज नंतर, तीही पर्याय देऊन. दिल्लीत प्रदूषण वाढलं की लागू होणाऱ्या नियमांत सोसायट्यांना हेच सांगितलेलं आहे, की रखवालदारांना विजेचे हीटर द्या म्हणजे त्यांना जाळ करावा लागणार नाही. त्यात काही रॉकेट सायन्स नाही. आठशे वॉटचा हीटर सहा तास लावला तर पाचेक युनिट वीज. त्रेसष्ट घरांत वाटून बघा काय पडतं ते. आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं, "अहो, आज हीटर दिला तर उद्या एसी मागतील." हे वाक्य ज्या खोलीत बोललं गेलं तिला एसी होता.

मी कमिटीला लेखी दिलंय. एक, केबिनला दार आणि हीटर. दोन, सोसायटीच्या आवारात, म्हणजे घरांच्या अंगणांसकट, कचरा आणि प्लास्टिक जाळायला पूर्ण बंदी. तीन, अंगणातली शेकोटी वर्षातून चारदाच, आधी शेजारच्या दोन्ही घरांना विचारून, त्यातल्या एकाने जरी नको म्हटलं तर नाही. आणि हीटर बसेपर्यंत एकही नाही. तिसरा मुद्दा वाचून बायको म्हणाली, "म्हणजे तू स्वतःच बांधलेली शेकोटी स्वतःच बंद केलीस?" मी म्हटलं, तात्पुरती. ती म्हणाली, "सॉफ्टवेअरवाल्यांचं तात्पुरतं मला माहितेय."

मीटिंग पुढच्या रविवारी आहे, अकरा वाजता, क्लब हाऊसमध्ये. तोवर आगटीवर पत्र्याचं झाकण घातलंय आणि वर दोन नापास दगड ठेवलेत, वाऱ्याने उडू नये म्हणून. बाभळीचं लाकूड जिन्याखाली, विटांवर उचलून रचलंय. काकांनी गावाकडे फोन करून ठेवलाय, हुरडा अजून पंधरा दिवस तरी मिळेल म्हणे.